कपातीचे खाते

नागपुरात सोमलवाड्याच्या पलीकडे, विमानतळाच्या भिंतीपासून फारशा लांब नसलेल्या आमच्या वसाहतीत, उतरणाऱ्या विमानाचा आवाज आता कोणाच्या कानावर पडत नाही. पाहुणे आले की तेवढे ते बोलणे थांबवून छताकडे पाहतात. शेजारचा कॅप्टन, एका विमान कंपनीतला वैमानिक, मात्र रजेवर घरी आला की हातातला कप खाली ठेवतो, क्षणभर ऐकतो आणि वर न पाहता सांगतो, "पुण्याचं आहे, आज उशीर झाला." गेल्या हिवाळ्यात तो तीन दिवसांसाठी आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री-पोह्यांचे पार्सल घेऊन तो आमच्याकडे आला, आणि काखेत एक निळी फाइल होती. फाइलीत मार्च २०२० पासूनच्या पगाराच्या स्लिपा महिन्यावार लावलेल्या होत्या.

"काका, तुम्ही हिशेबाचे माणूस. याच्यात माझे किती गेले, तेवढं काढून द्या."

कोणाकडे मागायचे आहेत का, असे मी विचारले.

"नाही हो. मागून कोण देते? नुसतं माहीत असलं पाहिजे."

त्याच्या कंपनीचे नाव मी येथे लिहिणार नाही. त्या वर्षी विमाने जमिनीवर उभी होती आणि पगारात कपात बहुतेक सगळ्यांनीच केली, तेव्हा एकट्या त्याच्या कंपनीला वेगळे काढण्यात अर्थ नाही. हिंगणा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या लेखा विभागात मी एकतीस वर्षे काढली असल्यामुळे, एका माणसाच्या पाच वर्षांच्या पगारपत्रकांची बेरीज-वजाबाकी म्हणजे एका दुपारचे काम, असे मला वाटले होते. त्याला चार दुपारी लागल्या.

कारण वैमानिकाचा पगार बाहेरून दिसतो तितका सरळ नसतो. त्यातला मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर ठरतो, आणि महिन्यात तितके तास उडायला मिळोत वा न मिळोत, अमुक तासांचे पैसे नक्की मिळतील, अशी हमी त्याला जोडलेली असते. त्यामुळे "पगार पंधरा टक्क्यांनी कापला" हे वाक्य खरे असूनही अपुरे असते. हमीचे तास कमी केले की टक्केवारीला हातही न लावता पगार अर्ध्यावर आणता येतो. एअर इंडियातले उदाहरण सर्वांसमोर आहे. तेथे महासाथीपूर्वी ७० तासांची हमी होती, महासाथीत ती २० तासांवर आली आणि एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने नवी वेतनरचना जाहीर केली तेव्हा ती ४० तासांची ठरवण्यात आली. २० वरून पाहिले तर ही दुप्पट वाढ आहे, आणि ७० वरून पाहिले तर ही जवळजवळ निम्मी कपात आहे. दोन्ही विधाने एकाच आकड्याबद्दलची आहेत, आणि व्यवस्थापन व संघटना यांच्यातले निम्मे भांडण हे मोजायला सुरुवात कोठून करायची याचेच असते.

आता कोणी म्हणेल की पटत नसेल तर नोकरी सोडावी. आमच्या कारखान्यातला फिटर हिंगण्यातून बुटीबोरीला जात असे आणि जाताना दोनशे रुपये जास्त मिळवत असे. वैमानिकाला ते तितके सोपे नाही. बढती, मोठे विमान, चांगले रोस्टर म्हणजे ड्यूटीचे वेळापत्रक, दिवाळीची सुटी, सगळे ज्येष्ठता यादीतल्या क्रमांकावर ठरते, आणि हा क्रमांक दुसऱ्या कंपनीत बरोबर नेता येत नाही. अमेरिकेत तर वीस वर्षांचा कॅप्टन कंपनी बदलताना नव्या यादीच्या तळाशी जाऊन उभा राहतो. आपल्याकडे त्यात आणखी एक भर आहे: नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ पासून नोकरी सोडण्यापूर्वी कॅप्टनसाठी एक वर्षाची आणि सहवैमानिकासाठी सहा महिन्यांची सूचना बंधनकारक केलेली आहे. शेजाऱ्यांनी मुलाच्या प्रशिक्षणासाठी बेसा रस्त्यावरचा प्लॉट विकला होता, आणि त्या प्लॉटच्या बदल्यात मिळालेला परवाना हा एका विशिष्ट जातीच्या विमानापुरता कामाचा आहे. अशा माणसासमोर "सहकार्य करा" असा कागद ठेवला जातो, तेव्हा तो सही करतो. ती सही खुशीची असते की नाही, हे विचारण्याची पद्धत नाही.

त्या कागदाला तीन नावे असतात, हे मला नोकरीत शिकायला मिळाले. कामगार त्याला त्याग म्हणतात. व्यवस्थापन सहकार्य म्हणते. आमच्या लेखा विभागात आम्ही त्याला बचत म्हणत असू, आणि ताळेबंदात अखेर पोचते ते आमचेच नाव.

या विषयावर पुढे वाचत गेलो तेव्हा २००३ सालचे अमेरिकन एअरलाइन्सचे प्रकरण मला सर्वांत जवळचे वाटले. सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांचे कंबरडे मोडले होते. त्या कंपनीने कर्मचाऱ्यांना सांगितले की वर्षाला सुमारे १८० कोटी डॉलरची बचत झाली नाही तर दिवाळखोरीच्या न्यायालयात जाण्यावाचून गत्यंतर नाही. वैमानिकांच्या वाट्याला त्यातले ६६ कोटी डॉलर आले आणि त्यांचा पगार २३ टक्क्यांनी उतरला. संघटनांनी मतदान घेतले, रडतखडत का होईना, मंजुरी मिळाली. आणि ते मतदान आटोपते न आटोपते तोच, उशिरा दाखल झालेल्या वार्षिक अहवालातून दोन गोष्टी बाहेर आल्या: काही वरिष्ठ अधिकारी कंपनी सोडून जाऊ नयेत म्हणून त्यांना मूळ पगाराच्या दुप्पट बोनस देऊ केला होता, आणि ४५ अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी सुमारे ४ कोटी १० लाख डॉलर अशा न्यासात ठेवले होते, की कंपनी बुडाली तरी त्या पैशाला धक्का लागू नये. मुख्याधिकारी डोनाल्ड कार्टी यांनी माफी मागितली आणि बोनस रद्द केला, न्यास मात्र राहू दिला. मान्य केलेल्या करारांवर पुन्हा मतदान घेण्याची भाषा सुरू झाली आणि २४ एप्रिल २००३ रोजी कार्टी पायउतार झाले.

हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर ४ कोटी १० लाख डॉलर ही रक्कम १८० कोटींच्या अडीच टक्केही होत नाही. ती अधिकाऱ्यांनी सोडली असती तरी वैमानिकाच्या पगारात त्याने दिसण्याजोगा फरक पडला नसता. व्यवस्थापनाची बाजू मांडणारे हा युक्तिवाद नेहमी करतात आणि गणित म्हणून तो बिनचूक आहे. मी स्वतः तो केलेला आहे. परंतु त्या न्यासातली जी गोष्ट वैमानिकांना झोंबली ती रक्कम नव्हती. सगळे एकाच नावेत आहोत असे सांगून ज्यांच्याकडून वल्ही मागून घेतली, त्यांना नंतर कळले की सांगणाऱ्यांनी स्वतःसाठी वेगळी होडी आधीच बांधून ठेवली आहे. नाव बुडेल की नाही याबद्दल त्यांना खरोखर काय वाटत होते, ते त्या होडीवरून कळले.

मी स्वतः तो युक्तिवाद केला, तो प्रसंग आता लिहिणे भाग आहे. १९९८ च्या आसपास आमच्या कारखान्याची दोन वर्षे वाईट गेली. युनियनने दोन वर्षे महागाई भत्ता गोठवण्याला आणि प्रवास रजेच्या भत्त्यातला अर्धा सोडण्याला संमती दिली. वाटाघाटीत जो तक्ता फिरत होता तो माझ्या हातचा होता. कोणत्या खात्यातून किती वाचेल हे मीच काढले होते. त्याच महिन्यात व्यवस्थापकीय संचालकांच्या नेमणुकीचे नूतनीकरण होते आणि त्यांच्या सुधारित वेतनाचा ठराव टंकलेखनासाठी माझ्याच टेबलावरून गेला. रक्कम फार नव्हती. युनियनचे सरचिटणीस रोज दुपारी माझ्याबरोबर चहा घेत. त्यांनी एक दिवस सहज विचारले, "साहेब लोकांचंही काही कापलं असेल न?" मी म्हणालो, "ते वेगळ्या फाइलीत असते." हे उत्तर शब्दशः खरे होते. त्यांनी मान हलवली, कारण मी खोटे बोलत नाही अशी माझी ख्याती होती.

वार्षिक अहवाल छापून आला तेव्हा त्याची एक प्रत कोणी तरी कँटीनमध्ये नेली. मी जेवायला गेलो तेव्हा ती एका टेबलावर उघडी पडलेली होती आणि पान उडू नये म्हणून त्यावर लोणच्याची बरणी ठेवलेली होती. कोणी घोषणा दिल्या नाहीत. एवढेच झाले की यापूर्वी रविवारी यंत्र बिघडले तर घरून निरोप पाठवून बोलावता येत असे ते बंद झाले. ज्याला बोलवावे तो गावाला गेलेला असे. त्याचा खर्च मी काढला नाही, कारण त्यासाठी खातेच नव्हते. सरचिटणीसांनी माझ्याबरोबर चहा घेणे मात्र सोडले नाही. त्याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

विमान कंपनीत हे रविवारचे काम फार मोठे असते. कॅप्टनने मला समजावून सांगितले ते असे की, नियमाने त्याला जे करावे लागते आणि प्रत्यक्षात तो जे करतो, त्यात बराच फरक आहे. धावपट्टीकडे जाताना एकच इंजिन चालवून इंधन वाचवणे, सरळ मार्ग मागून घेणे, सुटीच्या दिवशी रोस्टर विभागाचा फोन उचलणे, उशीर झाला तर स्वतःच्या अधिकारात ड्यूटी थोडी वाढवून विमान घरी आणणे, यातले बहुतेक सगळे मनावर असते. नियमाचे पुस्तक हातात घेऊन तंतोतंत तेवढेच करायचे ठरवले तर संप न करताही वेळापत्रक कोलमडते. सुरक्षिततेत तो कसर करत नाही, ती करणारही नाही. पण कंपनीचे दोन पैसे वाचावेत म्हणून डोके चालवणे, हे त्याने सोडले असल्याचे त्याने मान खाली घालून कबूल केले.

कपातीच्या बदल्यात कागद घ्यावा, म्हणजे पावती राहील, असे मला पूर्वी वाटत असे. युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांनी तेही करून पाहिले. १९९४ साली त्यांनी आणि इतर काही कर्मचाऱ्यांनी पगारातला भाग सोडून कंपनीचे ५५ टक्के भागभांडवल घेतले. डिसेंबर २००२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि मालकीचा तो कागद मातीमोल झाला; २००५ मध्ये निवृत्तिवेतन योजनाही कंपनीने सरकारी विमा महामंडळाच्या अंगावर टाकल्या. म्हणजे पावती असूनही उपयोग झाला नाही. जानेवारी २००९ मध्ये हडसन नदीत विमान उतरवून १५५ माणसे वाचवणारे कॅप्टन सलनबर्गर पुढच्याच महिन्यात अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे गेले, तेव्हा सगळा देश त्यांच्या धैर्याची गोष्ट ऐकायला बसला होता. त्यांनी सांगितले की आपला पगार ४० टक्क्यांनी कापला गेला आहे, निवृत्तिवेतन संपवून त्याच्या जागी कवडीमोल हमी आली आहे, आणि आपल्या मुलांनी या व्यवसायात यावे असे वाटणारा एकही वैमानिक आपल्याला ठाऊक नाही. शेजाऱ्यांना मी हे वाचून दाखवले. बेसा रस्त्यावरच्या प्लॉटचा आजचा भाव त्यांना ठाऊक आहे. ते काही बोलले नाहीत.

आपल्याकडची उदाहरणे देताना दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. संघटना नेहमीच शहाण्या वागल्या असे नाही. २०१२ मध्ये एअर इंडियातला ५८ दिवसांचा संप हा मुख्यतः ड्रीमलायनर विमानाचे प्रशिक्षण कोणत्या वैमानिकांना मिळावे यावरचा, म्हणजे एका अर्थी वैमानिकांनी वैमानिकांविरुद्ध केलेला होता, आणि त्यातून कोणाचे भले झाले हे शोधावे लागेल. शिवाय आपण ज्याला हालअपेष्टा म्हणतो ती वैमानिकाची हालअपेष्टा त्याच विमानात सामान चढवणाऱ्या माणसाला ऐकवली तर तो हसेल. आमच्या कॅप्टनलाही याची जाणीव आहे, म्हणूनच तो फाइल घेऊन संघटनेकडे न जाता माझ्याकडे आला असावा. आणि कधी कधी कंपनी खरोखरच बुडत असते. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, जेटची १७ एप्रिल २०१९ रोजी. दोन्हीकडे कर्मचाऱ्यांनी महिनोन्महिने थकलेल्या पगारावर काम केले होते आणि त्या त्यागाने काहीही वाचले नाही.

सुरुवात बरी केल्याचे उदाहरणही आहे. मार्च २०२० मध्ये इंडिगोचे तेव्हाचे मुख्याधिकारी रोनोजॉय दत्ता यांनी कपात जाहीर केली ती वरून खाली उतरत जाणारी होती: स्वतःची २५ टक्के, वरिष्ठ उपाध्यक्षांची २०, वैमानिकांची १५, आणि खाली त्याहून कमी. असा कागद आमच्या कारखान्यात कोणी काढला असता तर मी तो चौकटीत लावला असता. तरीही एप्रिल २०२२ मध्ये, तोवर ३० टक्क्यांपर्यंत गेलेली कपात पूर्ण परत मिळाली नाही म्हणून संपाची जुळवाजुळव करणाऱ्या काही वैमानिकांना त्याच कंपनीने निलंबित केले. मला यात दिसते ते असे की किती टक्के कापले हे कागदावर काळजीपूर्वक लिहिले जाते, परंतु ते कधी आणि कशावर परत मिळेल हे लिहायला कोणी बसत नाही. देणारा ती उसनवारी समजून देतो. घेणाऱ्याच्या वहीत ती उसनवारी म्हणून नोंदली जात नाही. व्याज तर दूरच, मुद्दलाचेही कलम नसते. वरच्या माणसाचे वेतन मात्र ठरावाने ठरते, त्याला तारीख असते, सूत्र असते, आणि कंपनीचे दिवस पालटले की ते सूत्र आपोआप जागे होते. अमेरिकन एअरलाइन्समध्ये २००७ च्या एप्रिलमध्ये नेमके हेच झाले: शेअरचा भाव चढला आणि ८०० हून अधिक व्यवस्थापकांना मिळून १५ कोटी डॉलरहून जास्त रकमेचे शेअर मिळाले, तेव्हा वैमानिक २००३ च्याच करारावर उडत होते. कोणी कोणाला फसवले नव्हते. एकाचा करार लिहिलेला होता, दुसऱ्याचा समजून घ्यायचा होता.

आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १९७ नुसार, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला प्रत्येक संचालकाचे वेतन हे कर्मचाऱ्यांच्या मध्यक वेतनाच्या, म्हणजे सगळी वेतने क्रमाने लावली तर मधोमध येणाऱ्या वेतनाच्या, किती पट आहे ते जाहीर करावे लागते. लोणच्याच्या बरणीखालच्या त्या पानाला हा आकडा तेव्हा नव्हता. तो असता तरी मी चहाच्या टेबलावर वेगळे उत्तर दिले असते, असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

नागपुरात राहून टाटांचा आणि पगाराचा विषय निघाला की जुनी माणसे एम्प्रेस मिलवर येतात. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजींनी ती सुरू केली, १८८६ मध्ये तेथे कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी निघाला, तेही कायद्याने सांगितल्याशिवाय. याचा अर्थ तेथे भांडणे झाली नाहीत असा नव्हे; रामभाऊ रुईकरांसारखे पुढारी याच शहरातल्या गिरणी कामगारांचे नेते म्हणून उभे राहिले. २०२३ च्या एप्रिलमध्ये एअर इंडियाच्या नव्या वेतनरचनेविरुद्ध दीड हजारांहून अधिक वैमानिकांनी रतन टाटांच्या नावे अर्ज केला, तेव्हा मला तो निधी आठवला. त्यांचा एक आक्षेप पैशाचा होताच, पण दुसरा असा होता की चार वर्षे कॅप्टन राहिलेल्यांना व्यवस्थापनाच्या श्रेणीत नेण्याची तरतूद त्या रचनेत होती. पदाचे नाव वाढते, आणि कामगार म्हणून असलेले संरक्षण सुटते, असे संघटनांचे म्हणणे होते. हा डाव मला ओळखीचा होता. आम्हालाही एके वर्षी "कनिष्ठ अधिकारी" केले होते. पगारात एकशेदहा रुपये वाढले आणि ओव्हरटाइम गेला.

चौथ्या दुपारी बेरीज पूर्ण झाली. तोवर कॅप्टन ड्यूटीवर परत गेला होता, म्हणून मी आकडा फोनवर सांगितला नाही; पुढच्या खेपेला तो आला तेव्हा कागद हातात दिला. जुन्या सवयीने मी तक्ता आखला होता: महिना, देय, मिळालेले, फरक. शेवटच्या रकान्याची बेरीज तळाशी दुहेरी रेघेत. त्याने आकडा पाहिला, फोनवर काही हिशेब केला, बहुधा घराच्या हप्त्यांचा, आणि मग वर बोट ठेवले.

"काका, याला नाव नाही दिलं तुम्ही."

खरेच, तक्त्याच्या डोक्यावरची जागा मी कोरी सोडली होती. त्यागाची यादी असे लिहिणे त्याला आवडले नसते, आणि बचत लिहायला माझा हात धजला नव्हता. मी पेन पुढे केले. तो थोडा वेळ विचार करत राहिला, मग त्याने त्या जागी फक्त स्वतःचा कर्मचारी क्रमांक लिहिला, कागदाची घडी केली आणि निळ्या फाइलीत, मार्च २०२० च्या स्लिपेच्याही आधी, ठेवून दिली.